नोबची भाकर कोणासाठी?

कॅथलिक चर्चमध्ये एक प्रश्न अनेक वर्षे धुमसतो आहे. पहिले लग्न मोडले, चर्चच्या न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले नाही आणि पुढे सरकारी नोंदणी करून दुसरा संसार उभा राहिला. अशी बाई किंवा असा पुरुष रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) येतो, गीते म्हणतो, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवतो. पण ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर म्हणून वाटल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीची, रांग लागली की त्याने बाकावर बसून राहायचे. शेजारचे उठून पुढे जातात, त्यांना वाट द्यायला याने गुडघे बाजूला घ्यायचे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे हे बसून राहणे म्हणजे दर रविवारी नव्याने वाचून दाखवलेला निकाल असतो.

माझे मत आधीच सांगते. ज्यांना जोडीदाराने टाकले, मारझोड करून घराबाहेर काढले, आणि ज्यांनी नंतर प्रामाणिकपणे दुसरा संसार केला, त्यांना ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवणे पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. ‘काळ बदलला, चर्चनेही बदलावे’ एवढेच म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. काळ तर वाईटाकडेही बदलतो. मी जे म्हणते आहे ते शास्त्र वाचून म्हणते आहे, त्यामुळे आधी शास्त्राकडेच जाऊ.

मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात येशूचे शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विसाव्याच्या, दिवशी शेतातून जाताना कणसे मोडतात. चोरीचा आळ कोणी घेत नाही, कारण शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून हाताने कणसे मोडून घ्यायला मोशेच्या नियमशास्त्राची परवानगी होती. विळा मात्र लावायचा नाही. आक्षेप दिवसावर होता. कणीस मोडणे ही कापणी, तळहातावर चोळणे ही मळणी, आणि शब्बाथाला दोन्ही वर्ज्य. येशू उत्तरादाखल दाविदाची गोष्ट सांगतो आणि मग म्हणतो, ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही.’ हे वाक्य सर्वांना पाठ आहे. त्याच्या आधीची दाविदाची गोष्ट मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे.

शौल राजापासून जीव वाचवत पळणारा दावीद नोब गावी अहीमलेख या याजकाकडे (पुरोहिताकडे) येतो आणि खायला मागतो. याजकाकडे साधी भाकर नाही. आहे ती परमेश्वरासमोर मांडलेली. लेवीय पुस्तकाप्रमाणे अशा बारा भाकरी दर शब्बाथाला ताज्या मांडायच्या आणि आधीच्या उतरवून अहरोनाने व त्याच्या मुलांनी पवित्र ठिकाणी खायच्या. इतरांना त्या निषिद्ध. अहीमलेख काय करतो? तो नियमाचे पुस्तक तोंडावर फेकत नाही आणि नियम उधळूनही लावत नाही. तो फक्त एक गोष्ट विचारतो: बरोबरचे तरुण स्त्रीसंगापासून दूर राहिले आहेत ना? होय म्हटल्यावर तो भाकर हातात देतो. समोर माणूस उपाशी आहे, भाकर पवित्र आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या मानून याजक त्यातून वाट काढतो. धर्मगुरूचे काम म्हणजे नेमके हेच, असे मला वाटते.

ही गोष्ट शास्त्राने गोडही केलेली नाही. दावीद चक्क खोटे बोलतो. राजाने गुप्त कामगिरीवर पाठवले आहे असे सांगतो. तिथे हजर असलेला दवेग अदोमी ही खबर शौलाला पोहोचवतो. शौलाचे शिपाई याजकांवर हात टाकायला धजत नाहीत, तेव्हा हा दवेगच पंच्याऐंशी याजकांना ठार करतो आणि नोब गावातली बायामुले व गुरेढोरेही तलवारीला बळी पडतात. अहीमलेखाचा मुलगा अब्याथार तेवढा निसटतो. (मार्कने त्या काळचा महायाजक म्हणून या अब्याथाराचेच नाव घेतले आहे, त्या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे.) भुकेल्याला पवित्र भाकर देण्याची किंमत देणाऱ्याने प्राणाने मोजली. आणि येशूने उदाहरण म्हणून निवडली ती हीच गोष्ट. ती सांगताना तो नियम हलका करत नाही. याजकांखेरीज कोणी ती भाकर खाऊ नये, हे तो स्वतःच म्हणतो. नियम पूर्ण उच्चारून मग दाविदाने खाल्ले, बरोबरच्यांनाही दिले, असे तो सांगतो.

मत्तय आणि लूक हे शुभवर्तमान लिहिणारे दोघेही हा प्रसंग सांगतात, पण ‘शब्बाथ मनुष्यासाठी’ हे वाक्य त्यांच्याकडे नाही. मत्तय त्याऐवजी होशेय संदेष्ट्याचे वचन देतो: मला दया पाहिजे, यज्ञ नको. शिष्यांना भूक लागली होती, हेही तोच स्पष्ट लिहितो. मार्कने ते लिहिलेले नाही. म्हणजे अगदी पहिल्या पिढ्यांतच या प्रसंगाचे वजन कशावर टाकायचे, याचा विचार चालू होता. वाक्य का गाळले हे दोघांनीही सांगितलेले नाही. पण त्या वाक्याची धार पाहता, ते हाताळताना कोणी दबकले असेल तर मला नवल वाटणार नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ‘यहुदी कठोर, येशू दयाळू’ हे प्रवचनातले सोपे समीकरण खोटे आहे, आणि त्या खोट्याने यहुदी लोकांवर शतकानुशतके अन्याय केला आहे. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला सारावा, धोका आहे की नाही अशी शंका असली तरी सारावा, हे यहुदी धर्माचार्यांनीच लिहून ठेवले. ‘शब्बाथ तुमच्या हाती दिला आहे, तुम्हाला शब्बाथाच्या हाती दिलेले नाही’ हे वचनही त्यांच्याच परंपरेतले. त्याआधी, परक्या राजवटीविरुद्ध बंड करणाऱ्या मक्काबींच्या काळात, शब्बाथाला शस्त्र उचलायचे नाही म्हणून सुमारे हजार माणसे प्रतिकार न करता मेली, तेव्हा मत्तथ्याने व त्याच्या सोबत्यांनी यापुढे शब्बाथालाही लढायचे ठरवले. दुसऱ्या टोकाला मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांत सापडलेला एक नियम सांगतो की, जनावर शब्बाथाला खड्ड्यात पडले तर त्याला वर काढू नये. हा वाद यहुदी घरातलाच होता आणि येशू त्या घरातल्याच एका बाजूने बोलत होता.

मात्र तो त्या बाजूच्याही एक पाऊल पुढे गेला. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक बाई सभास्थानात येते. तिचा जीव काही धोक्यात नाही. तिने काही मागितलेलेही नाही. येशू तिला बरे करतो तेव्हा सभास्थानाचा अधिकारी लोकांना सांगतो की कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही. अठरा वर्षे गेली, आणखी एक दिवस गेला तर काय बिघडते? येशूचे उत्तर असे की, तुम्ही शब्बाथाला आपला बैल, आपले गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता. मग अब्राहामाच्या या लेकीला या बंधनातून शब्बाथाच्या दिवशीच सोडवायला नको होते काय?

तो ‘शब्बाथ असला तरी’ म्हणत नाही. शब्बाथ आहे म्हणूनच, असे म्हणतो. आणि याला आधार आहे. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. अनुवाद नावाच्या पुस्तकात शब्बाथाचे कारण दिले आहे ते असे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे हा नियम जन्मला तोच थकलेल्या, राबणाऱ्या देहांच्या गरजेतून. गरज नियमाच्या दाराबाहेर उभी राहून सवलत मागत नाही, तिच्यासाठीच तर नियम झाला. ज्याला गरज नाही त्याच्या हाती नियम गेला की तो हे विसरतो, एवढेच.

विरोधातला उतारा मी टाळणार नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शब्बाथाला लाकडे गोळा करणाऱ्या माणसाला छावणीबाहेर नेऊन दगडमार करतात. तो का गोळा करत होता, घरी चूल पेटायची होती का, हे कोणी विचारलेले लिहिलेले नाही. शास्त्रात हेही आहे. ज्यांना कठोरता हवी आहे त्यांना शास्त्रात आधार मिळत नाही, असे मी म्हणत नाही. पण कोणत्या उताऱ्याच्या उजेडात कोणता वाचायचा, याचा कौल ख्रिस्ती माणसासाठी त्या कणसांच्या शेतात लागलेला आहे.

आता अवघड भाग. याच येशूने शब्बाथाचा नियम सैल केला आणि लग्नाचा आवळला. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये.’ जो बायकोला टाकून दुसरी करतो तो व्यभिचार करतो. ख्रिस्तप्रसादाच्या नियमाचे समर्थक याच वचनावर उभे आहेत, आणि त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही. शब्बाथाच्या बाबतीत दया आणि लग्नाच्या बाबतीत कडकपणा, असे का?

हे कोणाला उद्देशून बोलले गेले ते पाहावे. प्रश्न विचारणारे पुरुष होते आणि प्रश्न होता पुरुषाने बायको टाकावी का. नियमशास्त्राप्रमाणे नवऱ्याने सूटपत्र लिहून तिच्या हातात दिले की झाले. हिल्लेल आणि शम्मई या दोन गुरूंच्या शिष्यांत यावर वाद होता. शम्मईचे लोक म्हणत, बदचालीखेरीज टाकता येणार नाही. हिल्लेलचे लोक म्हणत, तिने जेवण करपवले तरी पुरे. ज्या समाजात बाईला स्वतःची मिळकत नाही, तिथे सूटपत्र म्हणजे रस्ता. येशूने ती वाट बंद केली. मत्तयच्या सांगण्याप्रमाणे ते ऐकून शिष्यच म्हणाले, असे असेल तर लग्न न केलेले बरे. कोणाची सोय गेली, हे त्या उद्गारावरून कळते.

म्हणून मला दोन्ही ठिकाणी एकच येशू दिसतो. शेतात तो भुकेल्याच्या बाजूला उभा राहिला आणि लग्नाच्या प्रश्नात टाकल्या जाणाऱ्या बाईच्या. एकदा नियम सैल करून, एकदा घट्ट करून, त्याने दोन्ही वेळा ओझे वाहणाऱ्याचे ओझे उतरवले. आता तेच वचन घेऊन टाकलेल्या बाईलाच आपण भाकरीपासून दूर ठेवतो, तेव्हा आपण त्याचे शब्द पाळतो आणि त्याची बाजू सोडतो.

शास्त्र लिहिणाऱ्यांनाही हे उमगले असावे. मत्तय त्या वचनात ‘व्यभिचाराच्या कारणाखेरीज’ अशी पुस्ती जोडतो, जी मार्कमध्ये नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर जाऊ द्या, अशा प्रसंगी बंधू किंवा भगिनी बांधलेली नाही. प्रभूचे वचन माहीत असताना, हे मी सांगतो, प्रभू नव्हे, असे स्पष्ट नोंदवून तो हे लिहितो. आणि त्या आधारावरचा विवाहभंग कॅथलिक धर्मकायद्यात आजही आहे. म्हणजे ज्या वचनाला अपवाद नाही असे सांगितले जाते, त्याला अपवाद पहिल्याच शतकात केले गेले, आणि केले कोणी तर प्रेषिताने.

नियम कोणाच्या पाठीवर बसतो हे न पाहता तो राखला की काय होते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करून घटस्फोट मिळत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षे सोडून जाणे किंवा असेच आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारझोडीवर घटस्फोट नाही. हा कायदा इंग्रजांच्या कायद्यावरून बेतलेला. इंग्लंडने १९२३ मध्ये नवराबायकोंना समान पातळीवर आणले, भारतात त्याला २००१ उजाडले. त्याआधी १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवून क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणे मानली. दुरुस्तीनंतरही परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी ख्रिस्ती जोडप्यांना दोन वर्षे विभक्त राहण्याची अट होती, इतरांना एक वर्षाची. ती २०१० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एक वर्षावर आणली. सव्वाशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती बायका या कायद्यात अडकून राहिल्या, आणि त्याला विवाहाचे पावित्र्य म्हटले गेले.

चर्चचा स्वतःचा कायदा काही बाबतींत या सरकारी कायद्यापेक्षा माणुसकीचा आहे, हेही सांगितले पाहिजे. जोडीदारामुळे मनाला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा हक्क तो देतो. अडचण पुढे आहे. वेगळे राहा, पण दुसरे लग्न करू नका. केलेच तर भाऊबहिणीसारखे राहा, नाहीतर ख्रिस्तप्रसाद नाही. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा नियम पुन्हा स्पष्ट केला. त्याच परिच्छेदात त्यांनी धर्मगुरूंना बजावले होते की, ज्याला अन्यायाने टाकले गेले आणि ज्याने स्वतःच्या दोषाने लग्न मोडले, या दोघांत फरक करा. पण फरक करूनही शेवट दोघांचा एकच: बाकावर बसा. मग तो फरक केला कशाला, हे मला कधी समजलेले नाही.

२०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दार किलकिले केले. प्रत्येक प्रकरण धर्मगुरूने त्या माणसासोबत चालून तपासावे आणि काही प्रसंगी संस्कारांचीही मदत द्यावी, असे त्यांनी लिहिले. आणि तेही एका तळटीपेत. ख्रिस्तप्रसाद हे परिपूर्ण माणसांसाठी बक्षीस नाही, दुर्बळांसाठी औषध आणि अन्न आहे, हे त्यांचे वचन त्या टीपेत आहे. चार कार्डिनलांनी, म्हणजे पोपखालोखालच्या धर्माधिकाऱ्यांनी, त्यावर लेखी शंका मांडल्या. त्यांची भीती खोटी नव्हती: एकदा अपवाद केला की अपवादच नियम होतो, आणि ‘माझी गरज’ म्हणत जो तो आपली सोय पाहतो.

या भीतीला शास्त्रातच उत्तर आहे, आणि ते पवित्र भोजनाच्या संदर्भातच आहे. गणनेच्या नवव्या अध्यायात प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध ठरलेली काही माणसे मोशेकडे येतात. वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ करायच्या भोजनाचा, दिवस आहे आणि त्यांना त्यात भाग घेता येत नाही. प्रेत तर कोणालातरी उचलावेच लागते. ते विचारतात, आम्हाला का अडवता? मोशे त्यांना ‘नियम वाचा’ असे सांगत नाही. थांबा, परमेश्वर काय म्हणतो ते मी ऐकतो, असे म्हणतो. आणि उत्तर येते: अशांनी दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण करावे. अशुद्धतेचा नियम राहिला, वल्हांडण राहिले, आणि बाहेर राहिलेल्यांना पंगतीत जागा मिळाली. त्याच अध्यायात हेही आहे की, जो शुद्ध आहे, प्रवासातही नाही आणि तरी हयगय करून वल्हांडण करत नाही, तो दोषी. गरज आणि बेफिकिरी यांतला फरक तिथेच आखून दिलेला आहे, आणि तो आखल्यामुळे वल्हांडण संपले नाही.

केंब्रिजच्या विद्यापीठात जपलेल्या शुभवर्तमानाच्या एका प्राचीन ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात, लूकच्या सहाव्या अध्यायात, इतरत्र न सापडणारी काही वाक्ये आहेत. शब्बाथाला काम करणारा एक माणूस येशूला दिसतो. येशू त्याला म्हणतो: बाबा, तू काय करतो आहेस हे तुला कळत असेल तर तू धन्य, कळत नसेल तर तू शापित आणि नियम मोडणारा. ही वाक्ये मूळची नसावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण ज्या कोणी ती लिहिली त्याला कणसांचा प्रसंग नीट समजला होता. गरजेचा दाखला देणाऱ्यावर जबाबदारी येते. दुसऱ्याला टाकून स्वतःच्या सुखासाठी नवा संसार थाटणारा माणूस दाविदाची भूक स्वतःला लावून घेऊ शकत नाही. त्याची परीक्षा कडकच व्हावी. पहिल्या बायकोचे, मुलांचे काय केलेस, हे धर्मगुरूने त्याला विचारलेच पाहिजे. अहीमलेखानेही विचारल्याशिवाय भाकर दिली नव्हती.

आणखी एक वर्ग माझ्या मनात घोळतो: ज्यांचे पहिले लग्न खरोखर रद्दबातल ठरू शकले असते, पण ज्यांनी चर्चच्या न्यायालयाची पायरीच चढली नाही. अर्ज, साक्षीदार, लग्नाआधीच्या गोष्टी अनोळखी माणसांपुढे उकलणे, वर्षे जाण्याची भीती, खर्चाची भीती. २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी झाली. दुसऱ्या न्यायालयाने निकालाला दुजोरा देण्याची सक्ती गेली, आणि शक्य तितकी ती विनाशुल्क असावी असे सांगितले गेले. ज्या बाईला हे माहीतच नाही तिच्यासाठी हा बदल झालाच नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाला या संदर्भात पंडिता रमाबाई आठवाव्यात असे मला वाटते. हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आले. ते काम चालू असताना अवतीभवती दुष्काळातून वाचलेल्या मुली, विधवा, निराधार बायका होत्या. पुस्तकाचे पान आणि अंगणातली बाई त्यांना एकाच वेळी समोर दिसत होती. शास्त्र वाचण्याची याहून योग्य जागा मला ठाऊक नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आपापल्या धर्मप्रांतातल्या बिशपांनी मराठीत आणि कोकणीत लिहून जाहीर करावे की, जोडीदाराने टाकलेल्या किंवा छळलेल्या आणि पुन्हा संसार केलेल्या माणसाने कोणाकडे जायचे, ती चौकशी कशी होईल, किती दिवसांत होईल आणि तिला पैसे लागणार नाहीत. चौकशी करणाऱ्यांत विवाहित स्त्रियाही असाव्यात. आणि जो धर्मगुरू सर्व ऐकून, तपासून अशा बाईला ‘या, ख्रिस्तप्रसाद घ्या’ म्हणेल, त्याच्याविरुद्ध कोणी वर तक्रार नेली तर बिशपांनी त्याला एकटे पाडू नये.